जमीन त्याची, चिरे माझे: लग्न न करता एकत्र घर बांधताना

"घर तुझ्या पैशान, जमीन आमची. उद्या तुमचा पटला नाय, तर चिरे पाठीर मारून जातलंस?"

माझ्या जोडीदाराच्या काकीने हे मला खळ्यात, सगळ्यांच्या देखत, सुपारी कातरता कातरता विचारलं. तेव्हा राग आला. आता वाटतं, त्या दिवशी तिथे बसलेल्यांत व्यवहाराचं बोलणारी तेवढी एकच होती.

मी कुडाळची. वीस वर्षं दुकानदारांच्या वह्या लिहिते. एकदा लग्न झालं, मोडलं, पुन्हा करायचं नाही हे ठरलेलं. त्याने कधी केलंच नाही. वेंगुर्ले तालुक्यात त्याच्या वाडवडिलांच्या जमिनीत आम्ही दोघांनी साडेसातशे फुटांचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर बांधलं. २०२२च्या गुढीपाडव्याला राहायला आलो. तेव्हापासून कोणी ना कोणी जोडपं विचारायला येतं: "तुम्ही कागद कसे केलेत?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी घरी काय ठरवायचं आणि कुठे फसायला होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

सातबारा आधी, घराचा नकाशा मागाहून

आम्ही उलट केलं. आधी पडवी किती रुंद यावर भांडलो आणि मग सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांना मिळतो, एका चहा-भज्याचे पैसे. त्यावर अकरा नावं निघाली. त्यातली तीन माणसं वारलेली आणि वारसनोंद कोणीच केलेली नाही. एका नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ते आजोबांच्या काळचं, आणि त्या अक्षरांच्या मागे बडोद्यापासून बोरिवलीपर्यंत पसरलेली सगळी भावकी.

उताऱ्यावर तीन गोष्टी बघा. भोगवटादार वर्ग १ आहे की २, म्हणजे हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागणारा. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव किंवा बोजा आहे का. आणि जमीन कूळकायद्याने मिळालेली आहे का. तशी असेल तर ती हस्तांतरित करायला कलम ४३च्या अटी आहेत. यातलं काही निघालं तर घराचं बोलणं तिथेच थांबवा आणि आधी ते निस्तरा.

खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर चौथी गोष्ट: सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. आपल्याकडच्या खेड्यांत समुद्राच्या भरतीच्या कमाल रेषेपासून २०० मीटरपर्यंत सहसा नवीन घर बांधता येत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती तेवढी होते. "आमच्या आज्याच्या वेळेपासून हयसरच घरा आसत" हे खरं असलं तरी परवानगीच्या टेबलावर चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. सामाईक जमिनीत कुठलाच कोपरा कुणाचा नसतो. "तो माडांकडचा भाग बाबांचाच" असं घरातले म्हणतात, पण कागदावर त्या माडाखालच्या मातीत अकराही जणांचा वाटा असतो. तिथे बांधलेलं घर वाटपाच्या वेळी वादात ओढलं जातं.

हे मी शिकले ते असं. २०१८च्या नोव्हेंबरात आम्ही अकरापैकी नऊ नावांसाठी, वारलेल्यांच्या जागी त्यांच्या वारसांच्या, सह्या साध्या कागदावर घेतल्या आणि चर खणायला घेतले. उरलेल्या दोघांपैकी एकाने, मुंबईच्या चुलत भावाने, अर्ज दिला. काम बंद. पावसाळ्यापर्यंत मांगरात ठेवलेलं बत्तीस गोणी सिमेंट माझ्या डोळ्यांदेखत दगड झालं. त्याच्यावर मी तेव्हा खूप चिडले होते, पण चूक आमचीच होती. त्याला कोणी नीट विचारलंच नव्हतं. फोनवर "सही कर रे" एवढंच सांगितलं होतं.

मग शहाणपण आलं. जूनमध्ये वारसनोंदी घातल्या. आणि सगळी भावकी एका जागी कधी सापडते? गणपतीत. २०१९ला चतुर्थी सोमवारी होती. मंगळवारी उकडीचे मोदक खाऊन झाल्यावर ओटीवर नकाशा पसरला आणि बुधवारी दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत वाटपपत्र झालं. ज्या दोघांना येणं शक्य नव्हतं, त्यांनी आधीच नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं. वेळ आधी ठरवून घ्या आणि कागद वाचायला चतुर्थीच्या आधीच पाठवा. आरती झाल्यावर घाईघाईत दाखवलेला कागद माणसाला फसवणूकच वाटतो.

छोटा तुकडा शेतजमीन म्हणून तोडायला १९४७चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. आमचा पाच गुंठ्यांचा तुकडा गावठाणाला लागून होता, म्हणून निभावलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेचं कलम ४२ ड वकिलाकडून समजून घ्या. बिनशेतीचं, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायच्या परवानगीचं, काम बरंच हलकं होतं. वाटप आधी की बिनशेती आधी, हा क्रम तलाठ्याला विचारूनच ठरवा.

बहिणीबद्दल एक बोलायचं आहे. तो तुकडा त्याच्या, आईच्या आणि बहिणीच्या नावावर आला. मुलींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले उरलेसुरले फाटेही मिटवले. तरी आपल्याकडे रीत अशी की बहिणीला साडी नेसवायची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. तिने सही दिली, पण फुकट नाही. बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्यावर तिचा हक्क आणि दोन हापूसची कलमं तिच्या नावाने लिहून दिली. ज्या घरात मी स्वतःचा हक्क मागणार, तिथे पहिलं काम दुसऱ्या बाईचा हक्क पुसण्याचं करायचं, हे मला जमलं नसतं.

माझं नाव जमिनीवर का नाही

सगळ्यांना पहिल्यांदा हेच हवं असतं: सातबाऱ्यावर दोघांची नावं. त्यात अडचणी कुठे येतात ते बघा.

माझे वडील गिरणीत होते, आमच्या नावावर कुठेच गुंठाभर जमीन नाही. म्हणजे मी शेतकरी नाही. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकणं, बक्षीस देणं, पट्ट्याने देणं, काहीच जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. "मग मृत्युपत्राने देतो" असंही काही जण म्हणतात. याच कायद्याच्या गुजरातमधल्या एका खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली. म्हणून आधी बिनशेती.

बिनशेती झाल्यावर तो अर्धा हिस्सा मला देऊ शकला असता. पण बायकोला किंवा मुलाला राहतं घर बक्षीस देताना जो २०० रुपयांचा नाममात्र मुद्रांक लागतो, तो आम्हाला नाही. आम्ही कायद्याने परके, त्यामुळे पूर्ण मुद्रांक. आणि वाटप न होता कोणी त्याचा अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर केला, तर आणखी एक मेख आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात कलम ४४ आहे: एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तरी त्याला त्या घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. पुढे त्याने वाटप मागितलं, तर घरच्यांना १८९३च्या वाटप कायद्याने तो हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर ठेवता येतं. म्हणजे पैसे भरून, नाव लावूनही उंबऱ्याबाहेरच.

कायद्यापलीकडेही एक होतं. त्याची आई म्हणाली, "जमीन घराण्यात रवांदे गो." मला ते पटलं. मला माती नकोच होती. मला हवी होती माझ्या पैशांची हमी आणि डोक्यावरच्या छपराची हमी.

म्हणून आम्ही भाडेपट्टा केला. तो आणि आई यांनी तो पाच गुंठ्यांचा तुकडा मला आणि त्याला मिळून घर बांधायला २९ वर्षांसाठी दिला, वर्षाला १,२०० रुपये भुईभाडं. वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच लागतो. २९ वर्षांच्या पुढे गेलात तर मुद्रांक जवळजवळ खरेदीखताइतका होतो, म्हणून तो आकडा. पट्ट्यात साफ लिहिलं की जमीन देणाऱ्यांची, पण वरचं बांधकाम दोघांचं, ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात. आणि पट्टा संपला किंवा मोडला तर बांधकामाचे पैसे चुकते होईपर्यंत घर रिकामं करून मागायचं नाही.

कोणी म्हणेल, तोंडी परवानगीवर पक्कं बांधकाम केलं तर ती परवानगी काढून घेता येत नाही, असं सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६०मध्ये आहे. आहे. वकील धीर द्यायला ते सांगतातही. पण ते सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, आणि तारखा पडत असताना तुम्ही राहणार कुठे? तसंच २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईला राहत्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय हुसकता येत नाही. तो आधार मोठा आहे, पण राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

पट्टा शक्य नसेल, उदाहरणार्थ जमीन बिनशेती होत नसेल, तर तुमचे पैसे सरळ कर्ज म्हणून लिहा. करारनामा करा आणि पैसे कधी परत करायचे ते त्यात घाला. 'मागेन तेव्हा' असं लिहिलंत तर पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांत मुदत संपते. म्हणून वह्या लिहिणाऱ्या बाईचा एक सल्ला: दर ३१ मार्चला येणेबाकीच्या कबुलीवर त्याची सही घ्या. मुदत संपण्याआधी घेतलेली लेखी कबुली तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते. दुकानदार हे उधारीसाठी करतात. प्रेमातल्या माणसाकडून सही मागायला संकोच वाटतो खरा, पण पहिल्याच वर्षी वाटतो.

वही

एक लांब, लाल कापडी पाठीची वही घेतली. डाव्या पानावर मी, उजव्या पानावर तो. आणि पहिल्या आठवड्यातच भांडण, ते पैशांवरून नाही.

माझे पैसे मोजायला सोपे: चिरा पोच ४२ रुपये, अमुक गाड्या, वाळू, सळी, गवंड्याची मजुरी. पण त्याने परड्यातला फणस तोडून चौकटींना लाकूड दिलं, त्याचं काय? गिरणीवर विचारलं, तिथे तसल्या लाकडाचा जो भाव होता तो त्याच्या पानावर चढवला. त्याने तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारलं. मी कुडाळला ऑफिसात. शेवटी बिगाऱ्याची अर्धी हजेरी लावली. आईने चार गवंड्यांना आठ महिने चहा आणि दुपारची पेज दिली. ते लिहायला गेले तर ती रागावली: "माका मजुरी लावतंस?" ते नाही लिहिलं. तिच्यासाठी पट्ट्यात वेगळं कलम घातलं, की ती असेपर्यंत पुढची खोली तिची. तुम्हीही हे आधी बसून ठरवा: कष्ट मोजायचे की नाही, मोजायचे तर कोणत्या भावाने. न मोजलेत तरी चालेल, पण दोघांनी मिळून न मोजायचं ठरवा.

पैसे देताना बिल आपल्या नावावर घ्या आणि खात्यातून द्या. मी एका ठेकेदाराला १,६०,००० रुपये रोख दिले, पावती नाही, "घरचाच माणूस" म्हणून. तो जोत्यापर्यंत काम करून दुसऱ्या साइटवर गेला तो गेलाच. वहीत ते चढवायला गेले तेव्हा घरचे म्हणाले, ते पैसे घरात कुठे लागले? खरं बोलत होते. ती रक्कम मी स्वतःच्या हाताने खोडली. पेन कागदात रुतलेलं अजून दिसतं.

जोडीदाराच्या खात्यात एकरकमी पैसे टाकू नका. आयकराच्या लेखी लग्न न झालेला जोडीदार 'नातेवाईक' नाही, आणि नातेवाईक नसलेल्याकडून वर्षाला ५०,००० च्या वर आलेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मी चिऱ्याच्या खाणवाल्याला, सुताराला, कौलवाल्याला थेट दिले. कर्ज म्हणून देत असाल तर २०,००० किंवा त्यावरची रक्कम रोखीने नाही.

शेवटी वही जुळली ती अशी: माझे ९,४०,०००, त्याचे ६,६०,०००. एकूण १६ लाख. म्हणजे माझे ५८.७५ टक्के.

कौलं बसवून महिना झाला नाही तोच, मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. पश्चिमेकडचं अख्खं छप्पर सोलून निघालं. अजून राहायला आलो नव्हतो, तरी रात्रभर आम्ही तिघं तिथेच माजघरात कोपऱ्यात बसलो होतो आणि वाशांवरून कौलं एकेक करून सुटल्याचा आवाज येत होता. दुरुस्तीला ४८,००० लागले. हे कोणाच्या पानावर? त्यातून आमचा नियम झाला: मोडलं ते पुन्हा पूर्वीसारखं करायला लागतं ते निम्मं-निम्मं, आणि ते वहीत नाही. नवीन काही वाढवलं, संडास, पाण्याची टाकी, मागची पडवी, तर ते वहीत.

वेगळे झालो तर

हे पान कुणाला लिहायचं नसतं. घर चढत असताना लिहा, चौकटीला आंब्याचे टाळ बांधण्याच्या आधी.

घराचा बाजारभाव धरू नका. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घराला गावात बाजार नसतो, मूल्यांकन करणाऱ्यावरूनच नवं भांडण होतं. मी आधी म्हटलं, माझे पैसे चिऱ्यांत मोजूया, जाताना तेवढ्या चिऱ्यांचा तेव्हाचा भाव द्या. वकील हसले. काकीला मात्र ते फार आवडलं असतं. शेवटी सरळ सूत्र केलं: घातलेली रक्कम, वजा राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २ टक्के घसारा. सहा वर्षांनी मी गेले तर ९,४०,००० वर १२ टक्के, म्हणजे १,१२,८०० वजा. माझे ८,२७,२०० परत. पाच सारखे हप्ते, दोन वर्षांच्या आत. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मागची खोली आणि स्वयंपाकघर माझं. महागाईचा विचार केला तर यात माझा तोटा आहे, मला माहीत आहे. त्याबदल्यात इतकी वर्षं भाडं न भरता राहणं आणि अंगणात माड, हे मी धरलं. तुमचा आकडा वेगळा असेल.

मग मरण. मृत्युपत्र नसेल तर आम्ही दोघं एकमेकांचे कोणीच नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्न न केलेला जोडीदार हा वारस नाही, कितीही वर्षं एका चुलीवर जेवलात तरी. दोघांनी मृत्युपत्रं केली, प्रत्येकी दोन साक्षीदार, आणि त्यातल्या कोणालाही त्यातून काही मिळणार नाही असे निवडले. नोंदणी सक्तीची नाही, आम्ही केली. मी माझा बांधकामातला हिस्सा त्याला दिला. त्याने त्याचा मला दिला नाही, आणि ते मीच सुचवलं: मी हयात आहे तोवर राहण्याचा पूर्ण हक्क माझा, मग घर त्याच्या भाच्याचं. या एका वाक्यानंतर भावकीचा आवाज निम्मा झाला.

ग्रामपंचायतीत घराची नोंद करताना नमुना ८च्या उताऱ्यात मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतात. मालकाच्या रकान्यात त्याचं आणि माझं, घराचे मालक म्हणून, नाव घातलं. लिहिणाऱ्याने विचारलं, "नातं काय लिहू?"

मी म्हटलं, "भागीदार लिहा."

"शेतीत?"

"घरात."

लिहिलं. घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नव्हे, पण कोण राहतं आणि कोण भरतं याची ती चांगली साक्ष आहे. दर वर्षीची पावती जपा. विजेचा मीटर त्याच्या आणि आईच्या संमतीपत्रावर माझ्या नावाने घेतला, तोही त्यासाठीच.

कागद कुठे ठेवायचे तेही सांगते. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या साडीलाही बुरशी येते आणि वाळवीला मुद्रांक कागद कळत नाही. अस्सल पट्टा आणि वही पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून, माळ्यावर नव्हे, माजघरात. नक्कल कुडाळला माझ्या बहिणीकडे. मृत्युपत्रं वकिलांकडे. आणि लॅमिनेशन करू नका. मी एका उताऱ्याचं केलं होतं, तो परत नवीन काढावा लागला, आणखी १५ रुपये.